दोन दिवसांचा बजेट वाचायचा क्लास केला, पंधराशे रुपये वसूल झाले का?

आधीच सांगते, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पंचायत समितीच्या गेटसमोर, सतरा वर्षं झाली. त्यामुळे हातात कागद आला की मी मजकूर नंतर बघते, आधी छपाई बघते, पुसट आहे का, समास कापलाय का. आणि हे सांगायचं कारण म्हणजे खाली जी पहिली तक्रार येणारे ती त्यातूनच आलीय.

तर झालं असं की दुकानात रोज जे कागद येतात ना, ठेकेदार, सरपंच, क्लार्क, शिक्षक, सगळ्यांचे, त्यातले शब्द ऐकून ऐकून पाठ झालेत पण अर्थ माहीत नाही अशी माझी गत होती. "ताई, प्रमा झाली, तांमा बाकी आहे, याच्या तीन कॉपी द्या." "वहिनी, बीडीएस निघाली, लवकर काढा, ट्रेझरी बंद होईल." "पंचवीस पंधरामधून सभामंडप मिळाला." मी सतरा वर्षं "हो का, अरे वा" म्हणत आले. (प्रमा म्हणजे प्रशासकीय मान्यता, तांमा म्हणजे तांत्रिक मान्यता, बीडीएस म्हणजे बजेटचा पैसा वाटून दिल्याची स्लिप, हे आता कळलंय.) पंचवीस पंधरा म्हणजे काय तर म्हटलं असेल कुठला तरी जीआर नंबर. मागच्या वर्षी मुलीने फोनवर एक जाहिरात दाखवली, पुण्यात दोन दिवसांची कार्यशाळा, 'राज्याचं बजेट वाचायला शिका', फी १५०० रुपये, चहा-जेवणासकट. हे म्हणाले जा, एकदा कळू दे तुला काय झेरॉक्स करतेस ते. शनिवार-रविवार, एसटीने अर्ध्या तिकिटात गेले. (हे अर्धं तिकीट पण बजेटमधलंच, मार्च २०२३ ला जाहीर झालेलं, आणि उरलेलं अर्धं सरकार एसटीला देतं, म्हणजे ते फुकट नाही, दुसऱ्या खिशातून जातं, हे मला क्लासमध्ये कळलं.)

संस्थेचं नाव लिहीत नाही. चांगलं पण लिहायचंय आणि वाईट पण, आणि वाईट लिहिलं की लोक फोन करतात.

हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पस्तीसेक माणसं होती. पत्रकारितेची पोरं, दोन-तीन नगरसेवक व्हायची इच्छा असलेले, एक रिटायर्ड बँकवाले काका जे प्रत्येक वाक्यानंतर हात वर करायचे, आणि आमच्यासारखे गावाकडचे सातआठ. प्रोजेक्टर पहिल्या तासाला तीनदा बंद पडला. आणि आता ती तक्रार. दिलेली फाईल! बजेटच्या मूळ पुस्तकाची पानं आधीच बारीक टाईपातली, ती यांनी अजून लहान करून, पाठपोट, एका ए-४ वर दोन पानं बसवून दिलेली, आणि मशीनचा टोनर संपत आलेला असणार कारण उजवीकडचे आकडे फिकट. बजेट वाचायच्या क्लासमध्ये आकडेच दिसत नाहीत, अहो काय हे! मी ब्रेकमध्ये संयोजक मॅडमना सांगितलं की ए-३ वर एकाच बाजूने काढलं असतं तर पानाला दोन रुपये जास्त पडले असते फक्त. त्या म्हणाल्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहा. लिहिलं.

पण शिकवणारे सर, काय सांगू, त्यांच्यासाठी मी परत तीन मजले चढेन. सरकारी लेखा विभागातून रिटायर झालेले, आवाज बारीक, जोक एकही नाही, पण डोक्यात एकदम स्वच्छ. पहिलं वाक्य काय तर "भाषण बाजूला ठेवा." अर्थमंत्री जे भाषण वाचतात, शेरशायरी असते, नवीन स्मारकं असतात, ते सगळे टीव्हीवर बघतात आणि बजेट बघितलं असं म्हणतात. ते म्हणाले भाषण म्हणजे लग्नाची पत्रिका, आणि खर्च बघायचा तर आचाऱ्याची आणि मांडववाल्याची वही उघडावी लागते. ती वही म्हणजे विभागवार मागण्यांची, कुठल्या विभागाला कशासाठी किती पैसे हवेत त्याची, जाडजूड पुस्तकं. शालेय शिक्षणाची ई, गृहची बी, ग्रामविकासची एल, अशी अक्षरं लावलेली. आणि त्या वहीत सगळा खेळ चार आकडी नंबरचा.

हा भाग मला एवढा आवडला की जरा नीट सांगते.

लेखाशीर्ष म्हणतात त्याला. चार आकडे, आणि त्यातला पहिला आकडा बघायचा. ० किंवा १ असेल तर सरकारकडे येणारा पैसा. २ किंवा ३ असेल तर रोजचा खर्च, पगार, पेन्शन, दुरुस्ती, अनुदान, याला महसुली खर्च म्हणतात. ४ किंवा ५ म्हणजे भांडवली, नवीन काही बांधलं, घेतलं. ६, ७ म्हणजे सरकारने दिलेली कर्जं. ८ म्हणजे लोकलेखा, लोकांचा पैसा जो सरकारकडे नुसता ठेवलाय, प्रॉव्हिडंट फंड वगैरे. झालं. एवढंच. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात दुकानातले सगळे कागद सरसर उलटायला लागले. रजिस्ट्रीचं चलन मी रोज दहावीस प्रिंट करते, त्यावर ००३० ने सुरू होणारा नंबर असतो, तो म्हणजे मुद्रांक आणि नोंदणीची जमा! ३०५४ म्हणजे रस्ते आणि पूल, पण पहिला आकडा ३, म्हणून दुरुस्ती. ५०५४ पण रस्ते आणि पूलच, पण ५, म्हणून नवीन काम. आमच्याकडे ठेकेदार म्हणतात ना, "हा तीस-चोपन्नचा रस्ता आहे, डांबर जाड मिळणार नाही", ते याच्यामुळे. आणि २५१५ म्हणजे 'इतर ग्रामविकास कार्यक्रम'. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीचं शेड, आमदारांच्या शिफारशीने गावात जे येतं त्यातलं बरंचसं या खात्यातून.

मी हात वर करून विचारलं (आयुष्यात पहिल्यांदा), सर सभामंडप तर पक्कं बांधकाम आहे, मग २ ने का सुरू, ४ ने का नाही? सर एकदम खूश. म्हणाले बरोबर पकडलंत. सरकार ग्रामपंचायतीला अनुदान देतं, मालमत्ता सरकारच्या नावावर होत नाही, म्हणून सरकारच्या वहीत तो महसुली खर्च, जरी गावात स्लॅब पडलेला दिसत असला तरी. म्हणजे महसुली खर्च वाढला की सगळा उधळपट्टीत गेला असं पेपरात लिहितात ते पण अर्धवट, आणि सगळा विकासावर गेला असं मंत्री म्हणतात ते पण अर्धवट. बँकवाल्या काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मोठे आकडे. २०२५-२६ चं बजेट घेतलं होतं, अजित पवारांनी १० मार्च २०२५ ला मांडलेलं. एकूण ७ लाख २० कोटी. मी इतके दिवस ते सात लाख वीस हजार कोटी समजत होते, आणि नुसती मीच नाही, अर्धा हॉल! ७,००,०२० कोटी आहे ते. सरांनी सगळ्यांना मोबाईलवर भागाकार करायला लावला, २०११ च्या जनगणनेची ११ कोटी २४ लाख माणसं धरली तर माणशी ६२ हजार रुपये. आमच्या घरात पाच माणसं, म्हणजे तीन लाखाच्या वर सरकार आमच्या नावाने खर्च करतंय वर्षाला. हे म्हणाले मग गटार का तुंबतं.

महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी, महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. तूट ४५ हजार ८९१ कोटी. सर म्हणाले कोटी विसरा, दुकान समजा, शंभर रुपये गल्ल्यात आले आणि एकशे आठ भाडं, लाईटबिल आणि पोराच्या पगारात गेले, नवीन मशीन घेणं तर अजून लांबच. राजकोषीय तूट वेगळी, १ लाख ३६ हजार २३५ कोटी, म्हणजे वर्षात एकूण जेवढी उसनवारी लागणार ती. ती राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (सरकारच्या जमेच्या नाही, अख्ख्या राज्यात मिळून वर्षाला जेवढं उत्पन्न होतं त्याच्या) ३ टक्क्यांच्या आत आहे म्हणून सरकार म्हणतं आम्ही शिस्तीत आहोत, आणि टक्क्यात बघितलं तर आहेच, २.७६. पण महसुली तूट असणं म्हणजे उसने पैसे काढून घरखर्च चालवणं, हे टक्क्यात दिसत नाही. दोन्ही बाजूंनी सांगितलं त्यांनी, कुठल्या पक्षाचं नाव घेऊन टोमणा नाही, हे मला फार आवडलं कारण मी त्याचीच भीती घेऊन गेले होते.

आणि लाडकी बहीण. या विषयावर हॉलमध्ये आवाज चढलेच. २०२४ च्या जुलैमध्ये माझ्या दुकानासमोर गेटपर्यंत लाईन होती, आधार, रेशनकार्ड, हमीपत्र, मशीन गरम होऊन दोनदा बंद पडलं, त्यामुळे मला तो विषय घरचाच. सरांनी वाद होऊ दिला, मग फळ्यावर एकच भागाकार लिहिला. तरतूद ३६ हजार कोटी. महिन्याला १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. ३६ हजार कोटी भागिले १८ हजार, उत्तर २ कोटी बायका. आता निवडणुकीत कबूल केलेले २१०० करा. वर्षाला २५ हजार २००. तेवढ्याच पैशात १ कोटी ४३ लाख बायका बसतात. म्हणजे मार्चच्या त्या बजेटच्या कागदावरच दिसत होतं की एक तर २१०० होणार नाहीत नाहीतर नावं कमी होणार. त्यासाठी कुठल्या चॅनेलची चर्चा ऐकायची गरजच नव्हती. आधीच्या वर्षीचा आकडा ४६ हजार कोटी सांगितला गेला होता, तो ३६ झाला, हे पण त्यांनी शेजारी लिहिलं आणि खडू ठेवून दिला. हॉल शांत.

दुपारचं जेवण ठीक. मसालेभात, मठ्ठा, एक गोड. मठ्ठा पातळ होता पण एप्रिलचं ऊन, दोन ग्लास प्याले.

दुपारी गटात बसवून मूळ पुस्तकाची पानं दिली, आमच्या गटाला रस्ते. तिथे माझी फजिती झाली. एका कामापुढे तरतुदीच्या रकान्यात नुसता '१' छापलेला. मी म्हटलं ही छपाईची चूक, पुढचे आकडे उडालेत, टोनर! सर येऊन बघून गेले, म्हणाले चूक नाही, वर काय लिहिलंय वाचा. वर लिहिलेलं 'रुपये हजारात'. म्हणजे त्या रस्त्याला एक हजार रुपये. एक हजारात रस्ता? तर याला टोकन तरतूद म्हणतात, लाक्षणिक. काम पुस्तकात आलं, 'बजेटला लागलं', आमदारांनी पेढे वाटले, फ्लेक्स लागला, आणि खऱ्या पैशाचं पुढे पुरवणी मागणीत किंवा पुढच्या वर्षी बघू. मी तो फ्लेक्स बघितलाय हो. दरवर्षी बघते. त्याचं डिझाईन करून द्यायला पोरं माझ्याकडेच पेन ड्राईव्ह घेऊन येतात.

तिथून पुरवणी मागण्या. मार्चमध्ये बजेट मंजूर करायचं आणि पावसाळी, हिवाळी अधिवेशनात परत येऊन अजून पैसे मागायचे. घटनेतच सोय आहे त्याची, कलम २०५, अचानक पूर आला, दुष्काळ पडला तर काय करणार. पण २८ जून २०२४ ला बजेट मांडलं आणि पंधरा दिवसांच्या आत ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, हे ऐकून बँकवाले काका पण हात वर करायचे विसरले. क्लास झाल्यावर ३० जून २०२५ ला ५७ हजार ५०९ कोटींच्या आल्या तेव्हा मी पेपर वाचताना ह्यांना सांगितलं, थांबा, हा स्थूल आकडा आहे, निव्वळ भार, म्हणजे तिजोरीतून खरंच जादा जाणारा पैसा, किती ते खाली असेल. आणि होता, ४० हजार ६४४ कोटी. हे नुसते बघतच राहिले. पंधराशेतले हजार तिथेच वसूल झाले असं मी धरते.

पहिल्या दिवसातली अजून एक गोष्ट लिहायलाच पाहिजे, ती म्हणजे चार रकाने. प्रत्येक लेखाशीर्षापुढे चार आकडे असतात: दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष झालेला खर्च, मागच्या वर्षीचा अंदाज, मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज, आणि या वर्षीचा अंदाज. आपण सगळे धावत शेवटच्या रकान्याकडे जातो, बातम्या पण तिथल्याच. सर म्हणाले उलटं वाचा. पहिला रकाना आधी. कारण तेवढा एकच खरा झालेला असतो, बाकी तिन्ही बोलाची कढी. या वर्षी शंभर दिले म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी बघा, दोन वर्षांपूर्वी साठच खर्च झाले होते का, मागच्या वर्षी नव्वद देऊन डिसेंबरला सुधारितमध्ये पासष्ट केले होते का. तसं असेल तर या शंभरातले पण किती उरतील ते तुम्हीच ठरवा. मी हे आता सगळीकडे लावते, पोराच्या अभ्यासाच्या टाईमटेबलला पण.

दुसरा दिवस मात्र गडगडला. सकाळचं सेशन दुसऱ्या एका तरुण मॅडमचं, विषय १९९१ नंतर राज्याच्या तिजोरीत काय बदललं. माहिती होती त्यांच्याकडे, पण स्लाईडवर स्लाईड. तरी काही गोष्टी डोक्यात राहिल्या. राज्याचा वित्तीय शिस्तीचा कायदा २००५ चा. व्हॅट पण त्याच वर्षी. मग महापालिकांची जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, मुंबईची जकात जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेली आणि त्याबदल्यात मुंबई महापालिकेला राज्य सरकार पैसे द्यायला लागलं. म्हणजे आधी नाक्यावर स्वतः वसूल करणारी पालिका आता हप्त्याची वाट बघते. तसंच राज्याचं. केंद्राने जीएसटीची नुकसानभरपाई पाच वर्षं दिली, जून २०२२ पर्यंत, मग बंद. केंद्राच्या करांतून राज्यांना ४१ टक्के वाटा, त्यात महाराष्ट्राचा २०२५-२६ पर्यंत ६.३१७ टक्के होता. सुधारणा म्हणजे काय तर सोपं झालं, नाके गेले, ट्रक थांबत नाहीत, पण स्वतःचा कर स्वतः कमी-जास्त करायची किल्ली पण बरीचशी हातातून गेली. हे त्यांनी छान सांगितलं, पण दोन मिनिटांत, आणि मग अर्धा तास कुठल्या तरी आलेखावर.

आणि योजनांतर्गत-योजनेतर हे जे जुने शब्द होते ते २०१७ पासून गेले, आता आपल्याकडे अनिवार्य खर्च आणि कार्यक्रम खर्च म्हणतात. आमच्या पंचायत समितीतले जुने बाबू अजून 'प्लॅन-नॉनप्लॅन'च म्हणतात, त्यांना कोण सांगणार.

एक गोष्ट आवडली, व्यवसाय कराची. माझ्या दुकानाचे वर्षाला २५०० रुपये जातात, दरवर्षी मी त्यावर चिडते. तो कर १९७५ चा, आणि रोजगार हमी योजनेला पैसा पाहिजे म्हणून लावलेला. बहात्तरच्या दुष्काळात माझी सासू खडी फोडायला जात होती, ते सांगते ती अजून. पुढे तिच्यासारख्यांच्या कामाचा पैसा कुणाच्या तरी पगारातून कापला जायचा. चिडायची मी अजूनही, पण आता जरा कमी.

आता खरी तक्रार, टोनरपेक्षा मोठी. जाहिरातीत लिहिलं होतं 'राज्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत'. ग्रामपंचायत कधी आली? रविवारी साडेतीनला, आणि पाचला संपलं, त्यातला अर्धा तास पुणे महापालिकेच्या नागरिकांच्या बजेटवर, म्हणजे लोकांनी प्रभागातली छोटी कामं सुचवायची ती योजना. चांगली असेल हो, पुणेकरांना. आम्ही सात-आठ जण गावाकडचे एसटीच्या वेळा बघत बसलो. गावाच्या माणसाला उपयोगी असं जे काही होतं ते शेवटच्या पन्नास मिनिटांत कोंबलं. जे हाती लागलं ते असं, की ग्रामपंचायतीचे नमुने असतात १ ते ३३, आपल्याला माहीत असतो फक्त नमुना ८, घरपट्टीचा, पण अंदाजपत्रक म्हणजे नमुना १, तो मागायचा. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले (तो २०२५-२६ पर्यंत होता) ६० टक्के बंधित असायचे, ते पाणी आणि स्वच्छतेलाच, ४० टक्के अबंधित. ते पैसे कुठे गेले हे ई-ग्रामस्वराजवर कुणीही बघू शकतं, लॉगिन पण लागत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याण, ५ टक्के दिव्यांगांसाठी, हे ठेवावेच लागतात. जिल्हा परिषदेच्या सेसवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नावर, तर एक स्लाईड, तीही पुढे ढकलली. अरे, आमच्या अर्ध्या भानगडी तिथेच असतात ना! डीपीडीसीला, म्हणजे जिल्हा नियोजन समितीला, किती वेळ दिला म्हणाल तर सर "पालकमंत्री अध्यक्ष असतात" एवढं म्हणाले आणि चहा आला.

तरी ती पन्नास मिनिटं वापरली मी. माझं सासर गावापासून सहा किलोमीटरवर, मतदान तिथेच. १ मेच्या ग्रामसभेला गेले. ग्रामसभा म्हणजे आमच्याकडे रजिस्टर घरोघर फिरतं सह्यांसाठी, त्या दिवशी खरोखर चौदा माणसं होती. मी नमुना १ मागितला. ग्रामपंचायतीचे साहेब म्हणाले, "ताई, तुम्हाला कशाला, ते किचकट असतं." मी म्हटलं झेरॉक्स मीच फुकट काढून देते, द्या तर. दिला, पुढच्या आठवड्यात, दुकानात आणूनच. आणि मग मी सरांची पद्धत लावली, पहिल्यांदा झालेल्या खर्चाचा रकाना. दिव्यांग कल्याण, मागच्या वर्षी तरतूद ३८ हजार, खर्च शून्य. त्याच्या मागच्या वर्षी पण शून्य. या वर्षी तरतूद परत ४१ हजार, म्हणजे कागदावर वाढ! गावात सात दिव्यांग आहेत, मला नावानिशी माहितीयेत, त्यातला एक माझ्याकडेच लॅमिनेशनला बसतो. कुणी खाल्ले असं मी म्हणत नाही, पैसे खात्यातच पडून होते बहुतेक, कुणी मागितले नाहीत म्हणून कुणी काढले नाहीत. पोराने अर्ज लिहिला, माहिती अधिकाराचा नाही, साधा. (माहिती अधिकाराचा लिहायचा तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, हे मला आधीपासून माहीत होतं, ते फॉर्म तर माझ्याकडे विकायलाच असतात.) ऑगस्टमध्ये सात जणांच्या खात्यात पैसे आले. फार नाहीत. पण आले.

बाकी किरकोळ. सर्टिफिकेट मेलवर देऊ म्हणाले, दोन महिन्यांनी आलं आणि त्यात माझं नाव चुकलेलं. व्हॉट्सॲप ग्रुप केला होता 'शंका विचारा' म्हणून, आठ दिवसांत त्यावर गुड मॉर्निंग आणि प्लॉटच्या जाहिराती. सर त्या ग्रुपवर नाहीतच, साधा फोन वापरतात. आणि फाईलची पीडीएफ पाहिजे असेल तर वेगळे दोनशे रुपये, हे मला पटलं नाही, ती पुस्तकं सरकारच्या साईटवर फुकट आहेत. हे त्यांनीच पहिल्या तासाला सांगितलेलं.

कुणी जावं? पत्रकार, ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या बायका, संस्थांवाले, जरूर. ज्यांना फक्त इन्कम टॅक्स किती वाचेल ते हवंय त्यांनी जाऊ नका, तो केंद्राच्या बजेटचा विषय, इथे नाही, दोन जण त्यासाठी आले होते आणि जेवून गेले. गावाकडून जाणार असाल तर आधी फोन करून विचारा की ग्रामपंचायत आणि झेडपीला किती तास आहेत, आणि नुसतं "आहे हो" म्हणाले तर तास विचारा. भिंग न्या. खरंच. पाचपैकी साडेतीन देते, सरांना एकट्याला पाच, फाईलला एक, मठ्ठ्याला दोन.

परवा मार्च एंडची गडबड होती, रात्री साडेनऊला दुकान उघडं, ओळखीचा एक क्लार्क धापा टाकत आला, बीडीएसच्या चार कॉपी. मी कागद काचेवर ठेवायच्या आधी सवयीने वर बघितलं. ५०५४. म्हटलं बरं, नवीन आहे म्हणजे, दुरुस्ती नाही. तोंडातून जरा मोठ्याने निघालं असावं, कारण तो थांबला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही वाचताय काय?"

"नाही हो, पुसट येतंय का बघतेय. चार कॉपी, आठ रुपये."